नीरफणसाखाली बसणारी फेतुआओ

रविवारी चर्चला पांढरं घालून जायचं असतं, आणि आमच्या गावातल्या बायांचे पांढरे झगे शिवते ती फेतुआओ आत्या. चोवीस बाया, चोवीस मापं, सगळी तोंडपाठ. "कुणाची कंबर किती सुटली ते देवाला ठाऊक आणि मला," ती म्हणते, "आणि देव बिचारा बोलत नाही."

एवढं करून ती स्वतः आत जात नाही. मागच्या खिडकीबाहेर नीरफणसाचं झाड आहे, त्याखाली बसून ती गाते. आतल्या बाया तिच्या सुरात सूर मिसळतात. परगावच्या पाहुण्यांना वाटतं, चर्चमध्ये आवाज छान घुमतो.

आत्या जन्मली मुलगा म्हणून, पण चालायला लागली तीच मुलीसारखी. सामोआत अशांना फाफाफिने म्हणतात आणि कुणी त्यावर भुवया उंचावत नाही. पण ती सतरा वर्षांची असताना एलिसाला नावाचे पास्टर आमच्या गावी आले. नवे होते, उत्साह दांडगा होता. त्यांनी आत्याच्या बापाला सल्ला द्यायला बोलावलं. तासभर दार बंद. संध्याकाळी बापानं तिला पायरीवर बसवलं आणि कमरेपर्यंतचे केस कापून टाकले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिला पुरुषांच्या बाकावर बसावं लागणार होतं. ती झाडाखाली जाऊन बसली. त्याला एकोणीस वर्षं झाली.

बाप मध्येच वारला. त्या संध्याकाळबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही, आणि आत्याला हवा होता तो तेवढाच शब्द. केस तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा वाढले. पण कात्री बापानं आपल्या मनानं उचलली, की पास्टरांच्या सांगण्यावरून? आत काय बोलला तो? काहीच नाही बोलला का? दर नाताळाआधी पास्टरांच्या कोटाचं माप घेताना ती विचारायची, "माझा बाप काय म्हणाला होता, पास्टर?" आणि पास्टर हात वर धरून म्हणायचे, "बंद दाराआडचं मी कुणाला सांगत नाही, फेतुआओ." मग ती बगलेत टेप जरा जास्तच आवळायची.

यंदा पास्टर चार दिवस आपियाला गेले. धर्मगुरूंसाठी शिबिर होतं, लोकांना सल्ला कसा द्यावा याचं. मी सालेलोलोगाच्या शाळेत शिकलेलो, म्हणून गावातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. पास्टरांचं प्रमाणपत्र चौकटीत मीच बसवलं. तेव्हा ते म्हणाले, "तिथल्या बाईंनी एक कोरा कागद दिला. म्हणाल्या, तुमच्या सल्ल्यानं जो चर्चबाहेर गेला त्याचं नाव लिहा."

"मग?"

"मी काहीच लिहिलं नाही. बाकीचे लिहीत होते. मला आपला झाडाखालून येणारा आवाजच ऐकू येत होता."

त्यानंतर पास्टरांनी जेवण टाकलं. आमच्या पास्टरांनी जेवण टाकणं म्हणजे डुकरांनी उपास धरण्यासारखं, गाव हादरलं.

आणि शुक्रवारी पहाटे ते आमच्या अंगणात येऊन बसले. सोबत चर्चचे पाच पंच, आणि पास्टरांच्या डोक्यावर बारीक विणीची मोठी चटई. मोठा अपराध झाला की आमच्याकडे असंच बसतात. याला इफोगा म्हणतात. समोरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली. न उचलली तर उन्हात बसून राहायचं.

पण पास्टर, आणि चटईखाली? आमच्या घराण्याचे प्रमुख तुआला आजोबा, आत्याचे थोरले काका, लुंगी सावरत बाहेर धावले. "अरे देवा! उठा, उठा! आमच्या सात पिढ्यांना पाप लावता काय!" त्यांनी चटई उचललीसुद्धा. घराण्याचा मान असा प्रमुखानंच घ्यायचा असतो, त्यामुळे रीतीनं सगळं बरोबर झालं. भाषणं झाली, पंच रडले, चटईची घडी आजोबांच्या पेटीत गेली.

आत्या मागे चुलीपाशी होती. एवढ्या पाहुण्यांना कोको कोण करणार?

पास्टरांनी तिच्या हातून कप घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "फेतुआओ, मी तुझ्यासाठी आलो होतो गं."

"चटई तर घडी होऊन गेली, पास्टर," आत्या म्हणाली. "साखर देऊ?"

दिवसभर ती शिवत बसली. एक बाही दोनदा उलटी लावली. मी म्हटलं, "आत्या, माफी तर झाली की." ती म्हणाली, "आजोबांची झाली. त्यांचे केस कुणी कापले होते रे?" आजोबांना टक्कल आहे.

शनिवारी पहाटे पास्टर पुन्हा आले. एकटेच. डोक्यावर त्यांची झोपायची चटई, एका कोपऱ्याला उसवलेली. आजोबा घोरत होते. मी उठवायला निघालो तर आत्यानं माझा दंड धरला. "झोपू दे म्हाताऱ्याला."

ती जाऊन पास्टरांसमोर मातीत बसली. हात मांडीवर.

"माझा बाप काय म्हणाला होता?"

कोंबड्या येऊन पास्टरांच्या पायाशी टोचून गेल्या.

"एक आठवडा मागत होता," पास्टर म्हणाले. "पुढच्या रविवारी मुलांचा सण होता. म्हणाला, तिनं पोरांचं गाणं बसवलंय, नवी टोपी शिवलीय, एकदा त्यांच्यापुढे उभी राहू दे. मग कापतो. दोनदा म्हणाला. मी नाही म्हटलं."

"टोपीचं म्हणाला तो?"

"हो. पांढरी. रिबिनीची."

"मला वाटलं होतं, त्यानं ती पाहिलीच नाही," आत्या म्हणाली. मग तिनं पदर नसल्यामुळे बाहीनंच तोंड पुसलं, पुढे वाकली आणि दोन्ही हातांनी चटई उचलली. पास्टरांचे पांढरे केस विस्कटले होते. ते तिनं सहज, मापाच्या हातानं, नीट केले.

"उद्या आत ये," पास्टर म्हणाले. "तिसऱ्या बाकावर जागा ठेवतो, बायांमध्ये."

"उद्या नाही. पुढच्या रविवारी," आत्या म्हणाली. "माझ्या बापानं मागितलेला आठवडा अजून द्यायचा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती, आणि शेजारच्या जाडजूड बायासुद्धा तिच्यावर सरकल्या नाहीत. आत्या झाडाखाली गात होती. मांडीवर एक अर्धवट शिवलेली पांढरी टोपी होती, आणि दोन ओळींच्या मध्ये ती तिला रिबीन लावत होती.