मोरचुदाच्या पाण्याने दिलेली साक्ष

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. थोडी लाजही वाटते. लाजेचे आधी सांगतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीतले पोलीस ठाणे माझ्याकडे होते. हद्दीत आंब्याचा रस पत्र्याच्या डब्यांत भरणारा एक कारखाना होता. एके सकाळी हजेरी चालू असतानाच त्याचा व्यवस्थापक तक्रार घेऊन आला. गोदामातले बरेच डबे गळत होते आणि गळणाऱ्या प्रत्येकाला सुईच्या टोकाएवढे भोक होते. डबे तपासणाऱ्या एका कामगाराला नुकतेच कामावरून काढले होते. जाता जाता त्यानेच ते टोचले, असे व्यवस्थापकाचे म्हणणे होते.

कारखान्याच्या फाटकाजवळ चहा विकणारा एकजण माझा खबरी होता. तो म्हणाला, "साब, उसके थैले में दाभण रहता था. मैंने खुद देखा."

आम्ही सोयगाव तालुक्यातल्या त्या कामगाराच्या गावी गेलो आणि चारचौघांदेखत त्याला गाडीत घातले. पिशवीत दाभण सापडले. शेतकऱ्याच्या घरात पोती शिवायला दाभण असतेच, हे मला सुचायला हवे होते. पण गुन्हा झटपट उघडकीला येतोय असे वाटले की अधिकाऱ्याची छाती फुगते आणि डोके चालेनासे होते.

ठाण्यात मी आवाज चढवला. पंचविशीतला तो तरुण घाबरला होता, तरी बोलणे बदलत नव्हता.

"साहेब, डबा बाहेरून नाय टोचला. आतून खाल्लाय."

"आतून कोण खातो? उंदीर?"

"आंबट रस खातो. पत्रा गंजू नये म्हणून आत लेप असतो. रस भरायची नळी वाकडी झालीय, ती लेप खरवडतीय. मशीन थांबवा म्हणलं, तर मलाच घरी बसवलं."

असल्या गोष्टी मी लई ऐकल्या होत्या. अटक दाखवायचा कागद टेबलावर तयार होता. तेवढ्यात गावाहून आमच्या मागोमाग येऊन बाहेर बाकावर बसलेले त्याचे वडील दाराशी आले. "साहेब, खोटं निघालं तर मीच त्याला तुमच्या हवाली करतो. पण आधी त्याचं ऐका."

मी पोराला विचारले, "दाखवू शकतोस?"

"व्हय. मोरचूद अन् लिंबू आणा."

बागांवर फवारायचे निळे मोरचूद हवालदाराने शेतीच्या दुकानातून आणले. मी दोन पंच बोलावले. मुद्देमालातले न गळणारे चार डबे मीच निवडून त्यांच्यासमोर फोडले आणि धुतले. शेजारी कारखान्यातून मागवलेले चार कोरे डबे ठेवले. पोराला हात लावू दिला नाही; तो सांगेल तसे हवालदार करत गेला. मोरचुदाच्या पाण्यात लिंबू पिळून ते डब्यांत भरले आणि थोड्या वेळाने ओतून दिले. कोरे डबे आतून जसेच्या तसे होते. रसाच्या चारही डब्यांत तोंडापासून खाली, सारख्याच लांबीची तांबडी रेघ उमटली होती.

"लेप गेला तिथं उघड्या पत्र्यावर मोरचुदातलं तांबं बसलं," तो म्हणाला.

बंद डब्याच्या आत बाहेरून रेघ कोण ओढणार? हातच्या कांकणाला आरसा कशाला. व्यवस्थापकही तिथेच होता, तो खाली बघू लागला. कारखान्यात जाऊन पाहिले तर नळी खरोखर वाकलेली. हंगामात मशीन बंद ठेवायचे नव्हते आणि गळतीचा ठपका स्वतःवर घ्यायचा नव्हता, हे व्यवस्थापकाने कबूल केले. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यापासून मी थोडक्यात वाचलो.

मालकाने पोराला परत बोलावले. मशीन थांबवायचे बटण आपल्या हातात राहील, या अटीवरच तो गेला. त्याच्या कामाचा मला फार अभिमान वाटला.

पण वडिलांचे समाधान झाले नव्हते. "साहेब, पोरगा निर्दोष असल्याचा तुमचा कागद गावात कोण वाचणार? लोकांनी पोराला नेताना पाहिलंय."

पोलिसांचा आरोप गावभर होतो आणि सुटका फाईलमध्ये राहते, हे त्या गुन्ह्याने मला शिकवले. रविवारी बाजारच्या गर्दीत मी वर्दीत त्यांच्या गावी गेलो, त्याला शेजारी उभे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "चूक माझी होती. हा माणूस खरा आहे."