लाल रेघ म्हणजे ओल नव्हे

आमच्या साहेबांना आलेख वाचता येत नसत, पण दाखवता मात्र झकास येत. पाऊस-उन्हात भिंतीत ओल कुठे साठेल, याचा अंदाज संगणकावर काढून देणारं इंदूरमधलं ते छोटं ऑफिस. मी तिथे इंजिनिअर होतो. आलेख मी काढायचो, आणि साहेब त्यातली सर्वांत भडक रेघ दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवायचे.

इंदूरच्याच लालबागजवळ राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घरी आम्ही गेलो. पावसाळ्यातही त्यांच्या खोलीत एसी चाले. तिथल्या बाहेरच्या भिंतीला आतून प्लॅस्टिकचा वॉलपेपर होता. तो फुगला होता, मागे बुरशी आली होती. साहेबांनी टाय सारखा करून लॅपटॉप उघडला.

"मॅडम, ये जो लाल दिसतंय ना, ती सगळी ओल. बाहेरच्या बाजूला बघा किती चढलीय. बाहेरून पूरी भिंत वॉटरप्रूफ करावी लागेल."

लाल रेघ तापमानाची होती. भिंत बाहेरून उन्हाने तापते, म्हणून ती तिथे चढलेली. पाण्याची रेघ निळी, आणि ती आतल्या बाजूला, वॉलपेपरच्या अगदी मागे फुगली होती. मला हे ठाऊक होतं. मी चहा पीत राहिलो.

बाईंनी चष्मा पुसला. "नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते, कुठला रंग कशाचा ते सांगणारी. ती कुठंय?"

सूची साहेबांनीच कापली होती. तिच्यामुळे स्लाइडची शोभा जाते म्हणे. "लाल म्हणजे धोका. कॉमन सेन्स आहे, मॅडम."

"वाळवंट पिवळं रंगवतात. तिथे काय हळद पिकते?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

मग मी सांगितलं: बाहेरची दमट हवा भिंतीतून आत शिरते, एसीने गार झालेल्या वॉलपेपरमागे तिचं पाणी होतं आणि प्लॅस्टिकमुळे ते अडकतं. वॉलपेपर काढा, बस.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी तो सोलून काढला. दिवाळीपर्यंत भिंत कोरडी झाली.

त्या दिवशी परतताना गाडीत साहेब मला इंदुरी थाटात 'भाऊ' करत म्हणाले, "भिया, टीममध्ये असं नसतं करायचं." पुढच्या घरी त्यांनी त्याच रुबाबात निळी रेघ दाखवली, फक्त घराची आतली बाजू बाहेरची समजून. मी तिथेच चूक सुधारली आणि महिन्याभरात नोकरी सोडली.

याला धैर्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाईंनी विचारलं नसतं, तर मी दुसरा कप मागितला असता.