मी काय म्हणते

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं घरातलं नाव 'रेडिओ'. हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की आपल्याला आधी का सुचलं नाही याची मला अजून रुखरुख आहे. फरक एवढाच की रेडिओला निदान बंद करायचं बटण असतं. आमच्या ताईंना (मी त्यांना ताईच म्हणते) देवानं ती सोय ठेवलेली नव्हती. सकाळी डोळा उघडला की सुरू, आणि सुरुवात ठरलेली: "मी काय म्हणते..." त्यानंतर कुणाला काहीही म्हणायला जागा उरायची नाही.

जावा-जावांचं पटत नाही असं लोक धरूनच चालतात. आमचं पटतं. म्हणजे भांडतो आम्ही रोज, पण एकमेकींशिवाय दुसऱ्या कुणाशी भांडण्यात मजा येत नाही.

ताई एका दवाखान्याच्या खिडकीत बसायच्या. आलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं आणि नंबर द्यायचा, एवढंच काम. पण ताई नंबराबरोबर सल्लाही द्यायच्या. मीठ कमी करा, उशी पातळ घ्या, जेवल्याजेवल्या आडवे होऊ नका. मागे रांग दारापर्यंत गेली तरी यांचं आपलं "मी काय म्हणते" चालूच. शेवटी दवाखान्यानं दारात एक यंत्र बसवलं. बटण दाबलं की नंबर बाहेर. खिडकी बंद झाली.

तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र चांगल्या. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची कळकळ खरी आहे, पण तुम्ही अंदाजानं बोलता. रीतसर शिका." त्यांनीच एका वर्गाचा पत्ता दिला. शिकून व्हायचं होतं सर्वांगीण आरोग्य शिक्षक.

"सर्वांगीण म्हणजे?" माझ्या नवऱ्यानं जेवताना विचारलं.

"म्हणजे नुसतं पोट नाही, नुसती पाठ नाही," ताई म्हणाल्या. "झोप, जेवण, काम, घरची माणसं, मनात काय चाललंय, सगळं मिळून माणूस बघायचा."

"म्हणजे वहिनी, आजवर तुम्ही खिडकीतून नाक खुपसत होता, आता दारातून खुपसणार."

सगळे हसले. दादासुद्धा पेपराच्या आड हसले असावेत, कारण पेपर हलला.

दादा म्हणजे माझे थोरले दीर, ताईंचे यजमान. सगळा जन्म छापखान्यात मशिनवर गेला. छापखाना बंद पडला तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. पेपर वाचतात, पण बातम्या वाचत नाहीत, छपाई वाचतात. "शाई पसरलीय," "हा कागद काय कागद आहे?" एवढंच काय ते बोलणं. रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितलेलं. ताईंनी बूट आणून दिले, ते खोक्यातच राहिले. कधी बूट चावतो, कधी रस्त्यावर धूळ असते, कधी कुत्री मागे लागतात. ताई बोलून बोलून थकल्या. म्हणजे त्या थकल्या नाहीत, आमचे कान किटले.

एकदा भाजी चिरताना त्या मला म्हणाल्या, "मी बायको आहे ना, म्हणून माझं ऐकत नाहीत. बाहेरच्या माणसाचं ऐकतात. माझ्या हातात परीक्षा पास झाल्याचा कागद आला की बघ. मग ऐकावंच लागेल." असं म्हणून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. ताई गप्प राहिल्या की मला धडकी भरते. "सकाळी उठले की आधी बघते गं," त्या म्हणाल्या, "यांचा श्वास चाललाय ना." तेव्हा मला कळलं की हा वर्ग काही हौसेचा मामला नाही.

वर्ग एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. जिन्यात वॉर्निशचा वास, वर घडीच्या खुर्च्या, भिंतीवर माणसाच्या शरीराचा भला मोठा तक्ता. बरोबरची मुलं-मुली ताईंच्या निम्म्या वयाची. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांचा आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. ताईंसारखी बाई कुणाचं ऐकायला पुढे वाकते, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पण वाकल्या, आणि शिकल्या. फ्रिजच्या दारावर आतड्यांचं चित्र लागलं, आणि माझ्या नवऱ्यानं पाणी प्यायला उठणं बंद केलं. जेवणाच्या टेबलावर मूत्रपिंडांची ये-जा सुरू झाली. पूर्वी ताई ज्या गोष्टी ठासून सांगायच्या त्यातल्या काही चूक निघाल्या. त्या त्यांनी स्वतः येऊन आम्हाला सांगितल्या: "ते मी पातळ उशीचं सांगत होते ना, ते सगळ्यांना लागू नाही बरं का." निदान करायचं नाही, औषध सांगायचं नाही, काय आपल्या हातातलं आणि काय डॉक्टरांकडे पाठवायचं ते ओळखायचं, हे त्यांनी पाठ केलं. लेखी परीक्षेत वर्गात पहिल्या आल्या. मी दुकानात पेढे... नाही, पेढे कसले, चहा पाजला सगळ्यांना. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमच्या मालकांना चहा कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यांनी दोनदा घेतला.

घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. अनोळखी माणूस समोर बसवतात, अर्धा तास त्याच्याशी बोलायचं, परीक्षक मागे बसून ऐकतात. ताईंच्या समोर डोकं दुखणारी एक बाई आली होती. ताई घरी आल्या त्या तोंड पाडूनच.

"परीक्षक आमच्या वर्गाच्याच बाई. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत ते सगळं बरोबर होतं," ताई म्हणाल्या. "पण त्या पेशंटबाईंचं डोकं कसं दुखतं, कधी दुखतं, हे मला कळलं नाही. तुम्हाला कळलं का?"

"मग? कळलं होतं का?"

"त्या बोलल्याच नाहीत गं काही."

"तुम्ही बोलू दिलंत का?"

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. आणखी एकच संधी होती. तीही हुकली तर कागद नाही. बाईंनी जाताना बजावलं होतं: "एक वाक्य तेवढं घरी ठेवून या. मी काय म्हणते."

त्या संध्याकाळी ताईंनी फ्रिजवरचं आतड्यांचं चित्र काढून टाकलं. मला राग आला. चित्राचा मला कधीच लळा नव्हता, पण ते असं निघालेलं बघवेना. मी ते परत चिकटवलं आणि म्हटलं, "उद्यापासून सराव. पेशंट मी."

सरावाचा नियम साधा होता. माझ्या हातात चमचा, समोर स्टीलची ताटली. ताईंनी सल्ला दिला की टण्ण.

"काय होतंय तुम्हाला?"

"झोप येत नाही."

"मी काय—" टण्ण.

"बरं. का येत नाही?"

"विचार येतात डोक्यात."

"अगं, तू ना, झोपायच्या आधी—" टण्ण.

पहिल्या दिवशी ताटलीला पोचे आले. माझा नवरा म्हणाला, शेजाऱ्यांना वाटेल आपण घरात शाळा काढली. पण दिवसेंदिवस आवाज कमी होत गेला. ताई ओठ आवळून बसायच्या. गळ्याची शीर टरारून फुगायची, सल्ला तिथपर्यंत यायचा आणि परत जायचा. मी मुद्दाम खोड काढायचे. "मी रोज उशिरा जेवून लगेच झोपते हं," म्हणायचे. त्या मुठी वळायच्या आणि विचारायच्या, "उशीर कशामुळे होतो?" एकदा तर मी सोंग घेता घेता खरंच बोलून गेले. दुकानात मान खाली घालून बारीक स्क्रू पिळताना खांदा भरून येतो, पण सांगितलं तर मालक दुसरीला ठेवतील म्हणून सांगत नाही. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते. बोलून झाल्यावर चमचा हातातच राहिला.

मग एक दिवस ताई म्हणाल्या, "पहिला प्रश्न सापडला मला. काय म्हणताय?"

मी हसले. "हा काय प्रश्न आहे? रस्त्यात भेटेल तो म्हणतो, काय म्हणताय. आपण म्हणतो, बरंय. झालं."

"म्हणून तर," ताई म्हणाल्या. "विचारतात सगळे, थांबत कुणी नाही. मी थांबणार."

खिडकीजवळ दादांचा पेपर थोडा खाली आला आणि परत वर गेला.

परीक्षेला घरच्या एका माणसाला मागे बसता येत होतं. मी गेले. ताईंच्या समोर आला एक मालवाहू गाडीचा ड्रायव्हर. धिप्पाड, हाताची घडी, मुलीनं जबरदस्तीनं पाठवल्याचा राग तोंडावर.

"काय म्हणताय?" ताईंनी विचारलं.

"बरंय."

ताई थांबल्या. तो छताकडे बघत राहिला. खाली दुकानात कुणीतरी लाकूड घासत होतं, ते थांबलं, परत सुरू झालं. मागच्या खेपेला बोलून नापास झाल्या, या खेपेला न बोलता नापास होतात की काय! ओरडून सांगावंसं वाटलं, ताई, बोला काहीतरी! पण त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या, घाई नसलेल्या माणसासारख्या. मांडीवरच्या रुमालाचा मात्र पार बोळा झाला होता, तो मला मागून दिसत होता.

"बरंय म्हणजे काय," ड्रायव्हर म्हणाला. "चाललंय."

ताईंनी मान हलवली. एवढंच.

"गाडीत झोप लागते मला," तो एकदम म्हणाला. "जोडीदार ड्रायव्हर चालवत असला की मागे मेल्यासारखा झोपतो. घरी लागत नाही. घर हलत नाही ना."

आणि मग त्याची हाताची घडी सुटली. पुढचा सगळा वेळ तो बोलला. ताई मध्ये मध्ये विचारत होत्या, अगदी मोजकं. चालवताना कधी डुलकी येते का, हे त्यांनी विचारलं, आणि तो येते म्हणाला तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "हे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ते माझं काम नाही, पण तुम्ही जाल तोवर मी पाठ सोडणार नाही." तो हसला. शेवटी त्यांनी विचारलं, यातलं काय तुम्हाला बदलता येईलसं वाटतं? त्यानं स्वतःच सांगितलं. संध्याकाळनंतरचा चहा सोडून बघतो, आणि घरी आल्यावर मुलीशी बोलत बसतो, कारण तिचा आवाज ऐकला की डोळे जड होतात. हे काही ताईंच्या पुस्तकात नव्हतं.

मागे बसलेल्या बाई त्यांच्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज मला कळलं हो, या माणसाचं काय चाललंय ते."

पास झाल्याचा कागद त्यांनी तिथंच ताईंच्या हातात दिला. मी जिना उतरले ते हवेतच. खाली दुकानातल्या विक्रेत्यानं विचारलं, "खुर्ची बघताय का?" मी म्हटलं, "माझी जाऊ आहे ती!" तो बिचारा वर बघायला लागला. खोटं कशाला सांगू, माझ्या स्वतःच्या लग्नात मला इतकं मिरवावंसं वाटलं नव्हतं. वाटेत जो भेटला त्याला मी सांगितलं. ताई मात्र कागद छातीशी धरून चालत होत्या.

घरी आल्यावर आम्ही सगळे वाट बघत होतो. आता कागद दादांच्या पुढ्यात आपटणार आणि बातमीपत्र सुरू होणार. ताईंनी कागद टेबलावर ठेवला. दादांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, म्हणाले, "छपाई चांगली आहे." ताईंनी चहा केला, दादांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काय म्हणताय?"

"बरंय," दादा म्हणाले.

ताई उठल्या नाहीत. चहा निवत चालला. माझ्या नवऱ्यानं काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय दिला.

दादांनी पेपराची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले.

या घरात आल्यापासून दादांनी असं वाक्य सुरू केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"चालायला जायचं म्हणजे त्या कोपऱ्यावरून जावं लागतं. छापखान्यातली मंडळी सकाळी तिथं चहाला असतात. त्यांना दुसरीकडं कामं मिळाली. मला बघितलं की विचारतात, काय म्हणताय, सध्या काय चाललंय? काय सांगू? खुर्चीत बसतो, हे सांगू?"

म्हणजे बूट चावत नव्हता, धूळ नव्हती, कुत्रीही नव्हती. ताईंचे डोळे भरले. गळ्याची शीर फुगली. इतकी वर्षं साठवलेले सगळे सल्ले तिथं येऊन उभे होते, मला दिसत होते.

"मग?" त्यांनी एवढंच विचारलं.

दादांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "एकट्याला नको वाटतं," ते म्हणाले. "तू बरोबर असलीस तर... तुझ्यापुढं ते मला काही विचारूच शकणार नाहीत."

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. दादाही हसले, पेपराशिवाय, सगळ्यांसमोर.

"मी काय म्हणते," ताईंच्या तोंडून निसटलंच. चमचा माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही.

"येते," ताई म्हणाल्या, आणि बुटांचं खोकं काढायला आत गेल्या.