गिअरबॉक्सचा गुपचूप इलाज

"वहिनीला आत्ताच काय बोलू नको रं दादा. गाडीचं काय केलंय ते चालवतील तवा कळंलच की!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. धाकटे दीर, विकासभावजी, गोठ्यामागं ह्यांच्या कानाशी लागले होते आणि मी दोरीवरचे कपडे काढत होते. आता मला सांगा, कपडे काढताना कान कुठं काढून ठेवायचे? पण खरंच ठेवले असते, तर पुढची शोभा टळली असती!

मी मुळात कमी बोलते. राहू गावातल्या शेजारणींना अजून वाटतं, ह्या घरची नवी सून मुकी आहे. पण बघते सगळं! त्याचाच तर मला गर्व.

आमची गाडी जुनी, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. दौंडच्या शाळेत मी शिकवते, तिथं मीच ती घेऊन जाते. रविवारी हे दोघे भाऊ "ऑइल बदलून आणतो" म्हणून तिला शिरूरला घेऊन गेले आणि संध्याकाळी बोका दूध पिऊन यावा तसे परत आले.

सोमवारी निघाले. पहिल्याचा दुसरा गिअर पडला आणि, खटॅक! पाठीत कुणी गुडघा घातल्यासारखं. दुसऱ्याचा तिसरा, खटॅक! वाटेतलं पाटस येईपर्यंत माझा अंबाडा सुटला.

मी लगेच ओळखलं. शिरूरच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्सची वाट लावली, आणि हे बायकोला सांगायला लाजतायत. बिचारे! कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या करून आधीच दमलेले. म्हटलं, चकार शब्द काढायचा नाही. गुपचूप दुरुस्त करून आणायची, नवऱ्याचा मान राहील. काय पण समंजस बायको!

दौंडच्या मिस्त्रीमामांनी गाडी आधी चालवून बघितली, मग वर घेऊन खालचं झाकण उघडलं.

"ताई, बिघाड न्हाई हा. आतल्या स्प्रिंगा बदलून कडक बसवल्यात. गिअर झटक्यात पडावा म्हणून करत्यात लोक."

"काढा."

"घरी इचारलं का?"

"घरचीच आहे मी. काढा!"

भोळं बघून ह्यांच्या गळ्यात मारल्या असणार, दुसरं काय? बरं, जुन्या स्प्रिंगा डिकीतच पिशवीत जपून ठेवलेल्या निघाल्या. तिथं तरी डोकं चालवायचं ना? कोण कशाला जपेल? पण नाही! मला आनंदच झाला.

शाळा सुटेपर्यंत जुन्या पुन्हा बसल्या, काढलेल्या कडक माझ्या डब्याच्या पिशवीत गेल्या, आणि गाडी पुन्हा लोण्यासारखी. घरी पोचले तर हे दारातच उभे.

"काय गं, गाडीत काय जाणवलं का?"

मी नुसती हसले. माझं ते हसणंच मला भोवलं.

"बघ विकास, कळलं तिला! आबा, चला, चक्कर मारू!"

सासरे, आबा, पुढं बसले. दोघे भाऊ मागं. चालवायला मी.

"तूच म्हणाली होतीस ना," हे मागून म्हणाले, "उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना ही गाडी विचार करत बसते, भीती वाटते? म्हणून मुद्दाम करून आणलं. तुझ्यासाठी!"

तेवढ्यात दुसरा गिअर पडला. इतका अलगद, की मुंगीची झोप मोडू नये.

"बघा आबा, कसा कडक बसला!"

"व्हय की!" आबांनी दारावरची दांडी घट्ट धरली. "मणका हालला माझा."

"आन् तिसरा? बंदुकीची गोळीच!" विकासभावजी.

आता काय करावं माणसानं? सगळे इतके खूश! खरं सांगते, गप्प बसून जन्मभर निभावून नेलं असतं. पण समोर उसाची दुहेरी ट्रॉली आली, डुलत डुलत. आणि पलीकडून एसटी.

"काढ पुढं! बिनधास्त काढ!" हे ओरडले. "बघ तरी, किती फरक पडलाय!"

मी ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरातल्या तीन पुरुषांसमोर आवाज चढवला,

"अहो, तो फरक माझ्या डब्याच्या पिशवीत आहे! मीच शहाणीनं आज काढून आणला!"