हातभर दोरा

भंडाऱ्यातल्या माझ्या दुकानात नायलॉनचा दोरा विकायची एक पद्धत होती. ती मीच पाडली होती. रिळाचा हातभर तुकडा तोडायचा, छताच्या आकड्याला बांधायचा, खाली पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, टांगायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाती लोटा द्यायचा. "ओत पाणी. तुटला तर रीळ फुकट." गुंड काठोकाठ भरायचा, पण दोरा तुटायचा नाही. मग भाव मी म्हणेन तो.

ऐंशी सालाच्या आसपास लाखनीकडच्या एका म्हाताऱ्या मासेमाराने सूत सोडून माझं नायलॉन नेलं. नवराबायकोने उन्हाळाभर बसून जाळं विणलं. तलावात पहिल्याच ओढीला ते मधोमध फाटलं. खांद्यावर टाकून तो दुकानात आला.

"शेठ, पाणी तं तुमीच ओतायले लावलं होतं."

"गाठ कच्ची मारली अन् मले सांगून राहिला?" मी चारचौघांत ओरडलो.

"जन्मभर गाठाच मारून राहिलो," एवढं बोलून तो जाळं तिथेच टाकून गेला.

राग उतरेना. तसल्याच रिळातले वीस-वीस हातांचे तुकडे परसातल्या झाडाला बांधून विहिरीच्या रहाटावरून सोडले, टोकाला काठाशी लोंबणारा गुंड, आणि त्यात लोट्यालोट्याने पाणी ओतलं. कुठला काठोकाठ टिकला, कुठला अर्ध्यातच तुटला. प्रत्येक तुकडा किती लोट्यांना टिकला ते कागदावर लिहिलं आणि तो कागद कंपनीच्या नागपूरच्या साहेबापुढे आपटला.

"सरासरी तर ठीक आहे," तो म्हणाला.

"दोरा सरासरीवर नाही तुटत साहेब, कच्च्या जागी तुटते. दुकानात हातभर तुकडा तं भरला गुंड पेलते."

"दोरा जितका लांब, तितकी कच्ची जागा सापडणारच. जाळ्यात तर केवढा दोरा! हातभर तुकड्यावर परीक्षा घ्यायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मग वेष्टनावर काहून नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर तुम्ही विकलं असतं?"

मी टेबलावर मूठ आपटून बाहेर आलो. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

जाड दोऱ्याचं रीळ घेऊन म्हाताऱ्याच्या घरी गेलो. तो दुसऱ्याच्या जाळ्यावर मजुरीला जात होता.

"फुकट आहे, घे."

"दोरा देसाल शेठ, उन्हाळा कोठून देसाल? बुढीले आता दिसत नाही."

रीळ मी ओसरीवर ठेवून आलो. पुढे एकदा त्या वाटेने गेलो, तर त्या दोऱ्याने दारातली शेळी बांधलेली होती. दोरा हातभरच होता. तेवढ्या लांबीत तो मजबूत होता.