राखाडी स्वेटर आणि कॅमेलियाची फुलं

आधीच सांगतो, भुतंखेतं, दृष्टांत, अंगात येणं वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी फार्मासिस्ट. कोणी असले किस्से सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. तरी आज लिहायला बसलोय, कारण आता हे मनात ठेवून राहवत नाही.

१९९६ साल. ऑकलंडच्या दक्षिणेला मनुरेवात आम्ही दोघंच राहायचो, मी आणि माझी बायको मेधा. बाबा गेल्यावर आई पुण्याहून चार महिन्यांसाठी आली. जून ते सप्टेंबर, म्हणजे इथला ऐन हिवाळा. थंडी तिला सोसेना, म्हणून साडीवर माझा जुना राखाडी स्वेटर घालून असायची. उजव्या कोपरावर तिनेच लावलेलं तपकिरी ठिगळ.

एका सकाळी मेधा हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती. किचनच्या खिडकीतून बघतो तर काय, आई शेजारच्या जोनच्या अंगणात! तिच्या झाडाची लाल कॅमेलियाची फुलं तोडून ओच्यात टाकत होती. पुण्यात देवासाठी म्हणून दुसऱ्याच्या कंपाउंडमधली फुलं खुशाल ओरबाडणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. माझी सटकलीच. ती दारात आली तशी तिला धारेवर धरलं.

"आई, ही चोरी आहे, चोरी! इथे पोलीस बोलावतात लोक. माझी लाज काढायला आलीयस का?"

"अरे, पण ऐक तरी—"

"काही ऐकायचं नाहीये मला. पुन्हा कुणाच्या फुलाला हात लावायचा नाहीस!"

तिने फुलं टेबलावर ठेवली आणि आत गेली. त्या दिवसापासून देवांना नुसत्या अक्षता. मेधाने कारण विचारलं तर म्हणाली, "या थंडीत कोण बाहेर जातंय बाई!" माझं नाव तिने घेतलं नाही. मीही मेधाला काही बोललो नाही. आई पुण्याला परतली आणि डिसेंबरात झोपेतच वारली. दर रविवारी फोन करायचो, पण 'आई, चुकलो' एवढं म्हणायचं राहूनच गेलं.

पुढच्या मार्चमध्ये मेधाने मला अक्षरशः ओढत क्योटोला नेलं. तेव्हा न्यूझीलंडमध्ये जपानी शिकायचं फॅड होतं, तीही संध्याकाळच्या क्लासला जायची. तिला तिथले फुलांचे उत्सव बघायचेच होते. सकाळी एका देवळात प्लमचा बहर, दुपारी दुसऱ्या देवळात जत्रा... ढोल, नाच, खाण्याचे स्टॉल, नवस लिहून टांगलेल्या लाकडी पाट्या. मी आपला मुकाट्याने मागे मागे. माणसांची एवढी झुंबड, पण झाडावरच्या फुलाला हात म्हणून कोणी लावत नव्हतं. आईची आठवण झाली आणि मी उगाच कॅमेऱ्याशी खुडबुड करत बसलो.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, शहराच्या उत्तरेला एका छोट्या देवळात चहाच्या टपरीवर टेकलो. टपरीवाल्या आजींच्या समोर बांबूच्या नळकांड्यात लाल कॅमेलिया होते. त्या मेधाला काहीतरी म्हणाल्या. मेधाने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. तिचा चेहरा उतरला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत... तुमच्या आई चहा न घेताच पुढे का गेल्या?"

"कुणाची आई? तुझं जपानी कच्चं आहे!"

आजींना माझा सूर कळला असावा. त्यांनी हातांनीच दाखवलं — पायघोळ कपडा, वर पुरुषी स्वेटर. समोरच्या राखाडी दगडावर बोट ठेवलं, असा रंग. मग स्वतःच्या उजव्या कोपरावर थोपटलं, इथे ठिगळ.

मेधा अडखळत सांगत होती, "आई त्या फुलांकडे सारख्या बघत होत्या म्हणे. यांनी एक देऊ केलं, तर हात मागे घेतले. तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या... नको, मुलगा रागावतो." मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "तू आईंना कधी काही बोलला होतास का रे?"

मी टपरीच्या बाकावर बसून चारचौघांत ढसाढसा रडलो. आजींनी एक फूल कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. ऑकलंड विमानतळावर ते जमा करावं लागलं, बाहेरून झाडाचं पानही आणू देत नाहीत इथे.

मग कॅमेलियाच्या मोसमात मी जोनचं दार वाजवलं. म्हटलं, आईच्या फोटोसाठी दोन फुलं घेऊ का?

"अरे, विचारतोस काय?" जोन म्हणाली. "तुझी आई आली त्याच आठवड्यात माझ्याकडे आली होती. झाडाकडे बोट दाखवलं, हात जोडले. मी म्हटलं, रोज ने, हवी तेवढी ने! मग एकदम यायचीच थांबली. माझं काही चुकलं होतं का रे?"



क्योटोचं सगळं मी हजारदा तपासून पाहिलं. मेधाची समजण्यात चूक झाली म्हणावं, तर ते ठिगळ? तो स्वेटर तर आईबरोबर पुण्याला गेला होता. आणि जपानी सोडाच, आईला धड इंग्रजीही येत नव्हतं. मग ती त्या आजींशी बोलली तरी कुठल्या भाषेत? माझ्याशी मात्र ती मराठीतच बोलली होती. "अरे, पण ऐक तरी," एवढंच म्हणाली होती... आणि मी ऐकलं नाही.