कुशनूरच्या चुली आणि आमची नळी

आम्ही ट्रेनिंगच्या मैत्रिणी भेटलो की चुलींचा विषय निघतोच. एकीचं सांगून होईपर्यंत दुसरी पदर खोचून तयार! हैदराबाद स्टेट होतं तेव्हाची गोष्ट. मी ग्रामसेविका म्हणून ठाणाकुशनूरला लागले. काम एकच: घरोघरी बिनधुराची चूल बसवायची आणि तिची मातीची नळी छपराबाहेर काढायची. सोबतीला ओव्हरसियर रावसाहेब. आज आम्ही हसतो, पण खरं सांगू? तेव्हा घरोघरी मी हबकतच होते.

*

पहिलंच घर. आत शिरले तर धुरानं डोळ्यांपुढं अंधार. हाक मारली, "अक्का, कोणी आहे का घरात?"

पायाजवळून आवाज आला, "हाय की! अन् तुमचा पाय माझ्या हातावर हाय!"

मी किंचाळलेच! धूर वर कोंडतो म्हणून ती बिचारी भुईला चिकटून बसली होती.

"चूल पेटल्यावर हितं उभ्यानं कोन येतंय, बाई? रांगत यायचं!"

*

शिवलिंगप्पा दुकानदाराच्या माळवदावर नळीतून पहिला धूर निघाला. मी कौतुकानं बघत होते, तोच गल्लीत बोंब उठली, "आग! आग! पळा!"

बायाबाप्ये घागरी घेऊन धावले. चढले वर आणि ओतलं सगळं पाणी नळीत! आत शिवलिंगप्पाची बायको उलथणं हातात धरून काळीठिक्कर, नखशिखांत भिजलेली.

मला हसू फुटणार होतं. पण शेजारचे म्हातारे अप्पा ओट्यावर बसलेले दिसले. पोलीस ॲक्शनच्या आधीची रझाकारांची जाळपोळ त्यांनी पाहिली होती. एकसारखं विचारत होते, "कुनाचं घर पेटलं गं? कुनाचं?"

*

त्याच घरी पुढं आतला धूर थांबला. रावसाहेब ऐटीत चहा प्यायला बसले, आणि वरच्या तुळईतून त्यांच्या टोपीवर टपकन विंचू! कप एकीकडे, टोपी एकीकडे, रावसाहेब थेट अंगणात!

शिवलिंगप्पा म्हणाला, "साहेब, तुम्ही धूर घालवलाव, म्हणून वरचे भाडेकरू खाली यायलेत!"

*

तालुक्याचे साहेब पाहणीला आले. त्यांना म्हाळप्पा मेंढक्याकडे नेलं. चूल अशी स्वच्छ की बघत राहावं!

"वाह! धुआँ बिल्कुल नहीं!" म्हणत साहेब वाकले, आणि ओरडत मागं उडाले. चुलीच्या तोंडातून कोंबडीनं बोटाला चोच मारली होती. आत अंड्यांवर बसलेली!

"अहो, मग स्वयंपाक कुठं करता?" मी कपाळाला हात लावला.

म्हाळप्पा म्हणाला, "परसात, जुन्या चुलीवर. ही लई चांगली हाय बाई, मांजर शिरंना हिच्यात!"

*

गंगव्वा माझ्याच वयाची. एकदा तणतणत आमच्या कचेरीत आली. "बाई, सगळ्यांचा धूर गेला, माझाच जाईना. माझीच नळी खोटी बसवलाव तुम्ही!"

रावसाहेब चिडले. आम्ही लगेच तिच्या घरी गेलो. नळीतून धूर सरळ वर चाललेला. आत हवा लख्ख. कोपऱ्यातल्या उतरंडीवरची नक्षीसुद्धा दिसत होती.

"गंगव्वा, कुठं आहे धूर?"

"ह्यो काय!" ती तोंडापुढं हात हलवत म्हणाली. "तुमाला कामून दिसंना?"

रावसाहेबांनी लाकडं ओढली, पाणी मारून विझवली. चूल थंड झाली. "आता?"

"हाय की अजून."

मग मी तिचा हात धरून तिला बाहेर अंगणात आणलं. भर दुपार, डोक्यावर ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही.

"आता बघ बरं, गंगव्वा."

तिनं दुधी पडदा आलेले डोळे मिचकावले, पदरानं पुसले, चौफेर मान फिरवली. आणि पुन्हा तोंडापुढं हात हलवत म्हणाली,

"हितं बी आलाय की वो, बाई!"